आत काय, बाहेर काय

तालुक्याच्या एका वाचनालयासाठी एका पोराने पुस्तकांच्या देवघेवीचं ॲप लिहिलं. पायथन, फ्लास्क आणि एसक्यूलाइट. तीन-चार पानांचा मामला. त्याच्या लॅपटॉपवर ते झकास चालायचं. वाचनालयाच्या उबुंटूवर मात्र कधी पायथनची आवृत्ती वेगळी निघे, कधी एखादी लायब्ररीच नसे. "माझ्याकडे तर चालतंय," हे वाक्य ग्रंथपाल बाईंनाही पाठ झालं होतं.

पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईने सांगितलं, "डॉकरमध्ये घाल." २०१३ साली आलेला डॉकर नेमका याच दुखण्यामुळे घरोघरी पोचला.

पोराने डॉकरफाइल लिहिली. पायाला पायथन ३.१२ ची स्लिम इमेज. मग आधी फक्त रिक्वायरमेंट्सची फाइल कॉपी करायची, पिपने सगळं इन्स्टॉल करायचं, आणि उरलेला कोड त्यानंतर. हा क्रम ताईने बजावून सांगितला होता. डॉकर प्रत्येक पायरीचा थर जपून ठेवतो. लायब्रऱ्यांची यादी तीच असेल, तर कोडमधला एक स्वल्पविराम बदलला म्हणून सगळं पुन्हा उतरवत बसत नाही.

इमेज बनली, कंटेनर उठला, पण पान उघडेना. ५००० चा पोर्ट तर जोडलेला होता.

"ॲप कुठल्या पत्त्यावर ऐकतंय?" ताईने फोनवर विचारलं.

"१२७.०.०.१."

"मग ते कंटेनरच्या आतलंच ऐकणार. ०.०.०.० कर. आणि डेटाबेसची फाइल कुठे ठेवलीस?"

"आतच, कोडशेजारी. सगळं एका जागी बरं."

"ती बाहेर काढ. व्हॉल्यूम लाव."

"बघतो गं."

बघितलं नाही. चाचणीच्या नोंदी तेवढ्या त्याने पडद्यावरून पुसल्या आणि ॲप बाईंच्या हवाली केलं. रोज संध्याकाळी संगणक बंद व्हायचा, सकाळी तोच कंटेनर पुन्हा सुरू व्हायचा आणि नोंदी जागच्या जागी असायच्या. ताई उगाच घाबरवते, असं त्याचं मत झालं.

मग विलंब शुल्काच्या हिशेबात चूक निघाली. त्याने कोड दुरुस्त केला, नवी इमेज बनवली, जुना कंटेनर काढून टाकला, नवा उठवला. दंड बरोबर मोजला जात होता. सभासदांच्या यादीत मात्र दोनच नावं होती: 'टेस्ट १' आणि 'अबक'. अबकने 'मृत्युंजय' सात वेळा नेलेलं.

"ताई, मी फक्त कंटेनर बदलला गं!"

"तो बदलण्यासाठीच असतो रे. त्यात लिहिलेलं त्याच्याबरोबरच जातं. इमेजमध्ये तुझ्या लॅपटॉपवरची फाइल गेली. वाचनालयाची त्यात कधी नव्हतीच."

बाईंनी खणातून वही काढली. लाइट जातात म्हणून त्या रोजची देवघेव बॉलपेनने लिहून ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं. त्या वाचत गेल्या, पोरगा टाइप करत गेला. या खेपेला डेटाबेस संगणकावरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसला, तो फोल्डर कंटेनरला जोडला गेला आणि त्या फाइलचं नाव डॉकरइग्नोरमध्ये पडलं.

तुम्हीही असं काही चालवत असाल, तर एखाद्या संध्याकाळी, कुणी वापरत नसताना, कंटेनर काढून टाका आणि इमेजवरून नवा उठवा. काय उरतं ते बघा. त्याआधी डेटाबेसची प्रत मात्र काढून ठेवा.