फडताळातला हाली रुपया

सोयगाव तालुक्यात, फर्दापूरपासून बनोटीपर्यंत, जुन्या घरांतल्या देव्हाऱ्यात नाहीतर फडताळातल्या डब्यात एखादा चारमिनारचा रुपया हमखास निघतो. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर येतो, चिंचेच्या कोळाने घासला जातो, हळदकुंकू लागलं की परत डब्यात जातो. अलीकडे तो बाहेर आला की घरातली पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि विचारतात, "याचे किती येतील?" नाण्यावर फारसी आकड्यांत हिजरी सन असतो. कुणी जाणकार तो १३३० असा वाचून दाखवतो आणि हे सातशे वर्षांपूर्वीचं नाणं आहे अशी वार्ता घरभर पसरते. हिजरी १३३० म्हणजे इसवी सन १९१२. पणजोबांच्या उमेदीच्या काळातला रुपया.

पण तो खरोखर सातशे वर्षांचा असता, तरी काय झालं असतं? याच जिल्ह्यातल्या दौलताबादला मुहम्मद तुघलकाने १३३०च्या सुमारास चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेचं सांकेतिक चलन पाडलं. घरोघरी त्याची नक्कल होऊ लागली, तेव्हा सुलतानाने ते मागे घेऊन खजिन्यातून चांदी दिली. परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून होते, असं त्या काळच्या इतिहासकार बरनीने लिहून ठेवलं आहे. हे चलन इतिहासात इतकं गाजलेलं असूनही त्यातली साधी नाणी आज संग्राहकांना फारशी अडचण न येता मिळतात. त्याहूनही जुनी, सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची लहान नाणी घ्या. दोन हजार वर्षांची असूनही त्यांतली झिजलेली नाणी काही शे रुपयांत हाती येतात. वयाला बाजारात मान आहे, पण नुसत्या वयाला भाव नाही.

मग भाव कशाला आहे? किती नाणी पाडली यालाही नाही. पाडलेल्यांपैकी किती उरली आणि ती आपल्याकडे असावीत असं किती जणांना वाटतं, या दोन गोष्टींतून किंमत उभी राहते. त्यातली पहिली गोष्ट, नाण्यांचं उरणं, मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती समजली की बाकीचं आपोआप उलगडतं. आणि ती समजून घ्यायला सोयगावसारखी जागा नाही.

सोयगाव निजामाच्या मुलखात. पलीकडची शेंदुर्णी, जामनेर, पाचोरा ही गावं खानदेशात, इंग्रजी अमलाखाली. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, म्हणजे हाच चारमिनारचा रुपया, चालायचा, पलीकडे इंग्रजांचा कलदार. कापूस घेऊन शीव ओलांडली की पैसा बदलायचा. १९५० साली सात हाली म्हणजे सहा कलदार हा दर ठरला, पण त्याआधीही भाव त्याच्याच आसपास असे. याचं कारण तराजूत सापडतं. हाली रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम, त्यात सुमारे ८२ टक्के चांदी. कलदार ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. सात हालींतली शुद्ध चांदी काढा, ६४ ग्रॅम भरते. सहा कलदारांतलीही ६४ ग्रॅमच. शिक्का निजामाचा असो वा पंचम जॉर्जचा, देणारा-घेणारा शेवटी चांदी मोजत होता.

इथेच नाण्यांच्या उरण्याचा प्रश्न सुरू होतो. ज्या नाण्याची किंमत त्याच्या धातूत आहे, ते नाणं चलनातून गेलं की सराफाच्या मुशीत जातं. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आलं, पुढच्या दशकात हाली चलन संपलं, आणि घरोघरचे रुपये वितळून वाळे, तोडे, गोठ झाले. तांड्यांवरच्या बंजारा बायकांनी काही रुपये नाकं डाखून अंगावर घातले. तरीही चारमिनारचा रुपया इतका मुबलक पाडला होता, की वितळून, मोडून, हरवूनही तो भरपूर उरला. म्हणून डब्यातल्या त्या रुपयाला बहुधा चांदीचा भाव आणि वर थोडं काही, इतकंच मिळतं. ऐकणाऱ्याची निराशा होते, पण खरं आहे ते सांगितलंच पाहिजे.

बहुधा म्हटलं, कारण चारमिनारची कमान नीट पाहायला हवी. भिंग लावा. मधल्या कमानीत एक अक्षर दिसेल. निजाम महबूब अली खानाच्या रुपयावर तिथे 'मीम' आहे. १९११ साली तो वारला, मुलगा उस्मान अली खान गादीवर आला आणि कमानीत त्याच्या नावाचं पहिलं अक्षर 'ऐन' बसलं. सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन अर्धाच आहे, शेपटाविना. लवकरच पूर्ण ऐन आला आणि तोच पुढे वर्षानुवर्षं पाडला गेला. अर्ध्या ऐनाला मिळालेला काळ थोडा, म्हणून उरलेले रुपयेही थोडे. धातू तोच, वजन तेच, चारमिनार तोच, पण जाणकार संग्राहक त्या अर्ध्या अक्षरासाठी जास्त पैसे मोजतो. सोयगावच्या एखाद्या डब्यात तो असू शकतो.

कलदाराच्या बाजूला असाच एक प्रसिद्ध दाखला आहे. सहाव्या जॉर्जचा १९३८चा रुपया आजही मिळतो, १९३९चा मात्र भल्याभल्या संग्रहांत नसतो. युद्ध सुरू झालं होतं, चांदी महाग होत होती. १९४०मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि पूर्ण चांदीचे जुने रुपये परत घ्यायला सुरुवात केली. १९३९चे रुपये या कात्रीत सापडले, आणि लोकांच्या हाती फार थोडे राहिले. दुर्मीळपणा असा युद्धखात्याच्या हिशेबातून येतो, आणि तो आला की त्याच्या पाठोपाठ नक्कलही येते. १९३८ मधला शेवटचा ८ कोरून ९ करणारे कारागीर आहेत. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला दिसतो, आणि त्या ९ चं वळण आधीच्या ९ शी जुळत नाही.

दुसरी गोष्ट, हवंसं वाटणं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, दोन धातूंत नाणी पाडली गेली. तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन. मजकूर एकच: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवराई पुढे दीडशे वर्षं पाडली जात राहिली आणि खेड्यापाड्यांत त्यानंतरही चालली. तिच्यातले दुदांडीसारखे प्रकार जमवायला लोक आयुष्य घालवतात. होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, सोन्याचा, म्हणजे वितळण्यासाठीच जन्मल्यासारखा. आज ज्ञात असलेले होन मोजकेच. पण होनापेक्षाही कमी उरलेली नाणी जगात आहेत, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या सरदाराची, आणि त्यांना कुणी विचारत नाही. होनाला मराठी माणसाच्या मनातली जागा आहे. ती नसती तर त्याला हा भाव आला नसता.

आता त्या चिंचेकडे परत जाऊ. दर दिवाळीला घासलेल्या रुपयावरच्या मिनारांच्या बारीक रेघा बुजतात, पृष्ठभागावर ओरखडे उठतात आणि टाकसाळीतून आलेली मूळ झळाळी कायमची जाते. संग्राहकाला चांदीवर चढलेली काळसर झाक चालते, आवडतेही. डाखलेलं नाकं मात्र चालत नाही. पूजेतला रुपया पूजेत घासावा, त्यात वावगं काही नाही. विकायचा असेल तर त्याला हात लावू नये.

आणि लाखांचं आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींना फसू नये. ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून दाखवलं जाणारं १८१८चं रामदरबाराचं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढून घेतं म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्याच्या नादाने तर घरं बुडाली आहेत. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून आपल्या नावाने दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितलं होतं.

शेवटी एका दुर्मीळपणाबद्दल लिहायलाच हवं, ज्याची बाजारात बोलीच लागत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. सगळी नहपान क्षत्रपाची, पण त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला. इतका मोठा साठा निघाल्यावर नहपानाचं नाणं दुर्मीळ राहिलं नाही. पण साठा अभ्यासकांपर्यंत पोचला, एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला, आणि सातवाहनांनी नहपानाच्या क्षहरात घराण्यावर मिळवलेल्या विजयाचा धातूतला पुरावा हाती आला. हीच नाणी एकेक करून सराफाकडे गेली असती, तर हजारो चांदीचे तुकडे उरले असते आणि पुरावा गेला असता. पुरलेल्या धनाविषयीचा १८७८चा कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वेताळवाडीच्या किल्ल्याखाली किंवा वाघूरच्या काठी नांगराच्या फाळाला गाडगं लागलं, तर ते गाडगं, त्यातली नाणी आणि ती जागा, तिन्ही एकत्र राहतील असं पाहावं.