शोकाच्या घरची चूल

आधार : २ शमुवेल ३:३५, यिर्मया १६:७



अबनेराच्या कबरेजवळ दावीद राजा मोठ्यानें रडला, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु त्याच अध्यायांत एक लहानशी गोष्ट सांगितली आहे, ती न पाहतांच आपण बहुधा पुढें जातों. दिवस मावळण्यापूर्वीं राजानें कांहीं खावें म्हणून लोक त्याच्याकडे आले. राजानें अन्न घेतलें नाहीं, तरी लोक आले. यिर्मयाच्या ग्रंथांत याहून कठीण लेख आहे. यहूदावर येणाऱ्या नाशाच्या ज्या खुणा संदेष्टा सांगतो, त्यांत एक ही कीं, मृतांसाठीं शोक करणाऱ्यांच्या घरीं अन्न व पेय घेऊन जाणारा कोणी उरणार नाहीं. ज्या रीतीचें बंद पडणें हें देशाच्या नाशाचें चिन्ह ठरलें, ती रीत लोकांस किती प्रिय असली पाहिजे! आणि ती कोणत्या बाजूनें चालते हें नीट पाहा. अन्न शेजाऱ्याच्या घरांतून निघतें व शोकाच्या घरीं पोहोंचतें.

आमच्या लोकांसही ही गोष्ट परकी नाहीं. घरांत प्रेत असतां चूल पेटवीत नाहींत. शेजारचीं माणसें कांहीं शिजवून आणतात व घरच्यांस बळेंच दोन घास भरवितात. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं यास कडू घास म्हणतात. वाडवडिलांनीं ही रीत बायबल वाचून घातली नाहीं, तरी ती चांगली आहे, आणि ख्रिस्ती झालेल्या माणसानें ती टाकण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु तेराव्या दिवशीं तीच वाट उलटी फिरते. तेरवीचें अन्न शोकाच्या घरांतून निघतें व साऱ्या गांवाच्या पोटांत जातें. साकोली, लाखांदूर, पवनी, तुमसर, कोठेंही जा. बापाच्या तेरवीपायीं धानाची बांधी गहाण पडल्याची कथा सांगणारें एखादें म्हातारें माणूस भेटतेंच.

कोणी म्हणतील, "पाळकसाहेब, आम्ही तेरवी करीत नाहीं, आम्ही स्मरणाची प्रार्थना करतों." बरें आहे. पण प्रार्थना अर्ध्या तासाची व पंगत तीन तासांची, असें आम्हीं पाहिलें आहे. नांव बदललें, सावकार बदलला नाहीं.

हें लिहितांना आम्ही स्वतःस बाजूला ठेवीत नाहीं. काम करूं लागलों त्या पहिल्या वर्षीं एका खेड्यांत एका भावाचें दफन केलें. पावसाळ्याचे दिवस होते, रोवणी चालली होती. कबर खणणारे चौघे पहाटेपासून भिजत होते; दुसऱ्या गांवांहून माणसें पायीं आलीं होतीं. विधि आटोपून ओसरीवर बसलों तेव्हां कोणी तरी म्हणालें, "चहा झाला असता तर बरें." थोड्या वेळानें आंतून चहा आला. पुढें पाणी मागावयास आम्ही दाराशीं गेलों, तों चुलीपुढें ती विधवाच बसलेली. ओलीं लाकडें फुंकीत होती व पदरानें डोळे पुसत होती. धुरानें कीं दुःखानें, तें देव जाणे. पुनरुत्थानाचा उपदेश आम्हीं नुकताच कबरेजवळ केला होता, आणि चहा तिच्या हातचा प्यालों. दहा-बारा दिवसांनीं भावकीनें जेवण मागितलें. तिनें बकरा उधारीवर आणला, तांदूळ उधारीवर आणले. त्या पंक्तीसही आम्ही बसलों. नाहीं म्हणावयास धैर्य झालें नाहीं. लांब लांब प्रार्थना करून विधवांचीं घरें खाऊन टाकणाऱ्यांविषयीं प्रभूनें काय सांगितलें, तें मार्काच्या बाराव्या अध्यायांत आम्हीं कितीदां वाचलें होतें! तो अध्याय आपल्या स्वतःच्या ताटाविषयीं आहे, हें त्या दिवशीं कळलें.

आतां खरी अडचण सांगतों. माणूस खादाडपणानें कर्ज काढीत नाहीं, तो लाजेनें काढतो. "बापाला गुरासारखें पुरलें, गांवाला घासभर घातलें नाहीं," असें भावकी म्हणेल हें भय त्यास असतें. ज्यानें आपल्या लोकांपासून दूर होण्याचें दुःख एकदां सोसलें आहे, त्याच्या या भयास कोणी हंसूं नये. राजस्थानांत १९६० सालीं मृत्युभोज बंद करण्याचा कायदा झाला. आपल्या राज्यांत २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. जेवण दिलें नाहीं म्हणून कोणास वाळींत टाकल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. उपदेशकांनीं हें लोकांस जरूर सांगावें. पण कायदा लाज काढून टाकीत नाहीं. ती सोबतीनें जाते. १९५६ सालीं वारलेले गाडगेबाबा हे आमच्या मंडळीचे नव्हेत, परंतु वऱ्हाडच्या या माणसानें तरुणपणीं आपल्या मुलीच्या बारशास दारू व मटण देण्याचें नाकारून गोड जेवण वाढलें, आणि भावकीचा राग सोसला. आनंदाच्या प्रसंगीं जें एकट्यानें केलें, तें दुःखाच्या प्रसंगीं साऱ्या मंडळीनें मिळून करणें अशक्य आहे काय? मृताविषयीं तर आमची आशा १ थेस्सलनीकाकरांस, चौथ्या अध्यायांत, लिहिलेली आहे. प्रभूजवळची त्याची जागा आपल्या पंक्तीच्या लांबीवर ठरत नाहीं.

आतां कामाची गोष्ट. उपदेशकांनीं व वडिलांनीं असें ठरवावें कीं, मृत्यूची बातमी येतांच मंडळींतील एक घर, जें नात्यांतलें नाहीं असें, सर्व व्यवस्था हातीं घेईल. पन्नास माणसांस ७ किलो तांदूळ, २ किलो तुरीची डाळ व ५ किलो वांगीं किंवा भोपळा पुरे होतो. शंभर कप चहास ४ लिटर दूध, सव्वा किलो साखर व पाव किलो चहापत्ती लागते. हा खर्च घरोघरच्या मूठभर तांदळांतून व मंडळीच्या डब्यांतून व्हावा. मटण नको, गोडधोड नको. कबर खणणाऱ्यांस मोहाची दारू देण्याची चाल कांहीं गांवीं अजून आहे. त्यांस सर्वांच्या आधीं गरम जेवण द्या, म्हणजे तिची आठवण होणार नाहीं. उन्हाळ्यांत कबरस्थानांत पाण्याचा माठ आधींच पोहोंचवावा. हें विसरतें आणि म्हातारीं माणसें घेरी येऊन पडतात. जे नातलग ख्रिस्ती नाहींत त्यांस त्याच ओळींत मानानें बसवा. कोणास आमच्या हातचें शिजलेलें चालत नसेल तर केळीं द्या, शिधा द्या, पण वाद घालूं नका. ती वादाची वेळ नव्हे. आणि तीन दिवस त्या घरच्या बाईस चुलीजवळ जाऊं देऊं नका.

त्यांच्या घरच्या तेरवीस जावें कीं नाहीं, हेंही आम्हांस विचारतात. पिंडापुढें ठेवलेल्या अन्नांत आपण वाटेकरी होऊं नये. पण रडणाऱ्या शेजाऱ्याजवळ जाऊन बसण्यास कोणी मनाई केलेली नाहीं. जाणें झालें तर पहिल्याच दिवशीं जावें, आणि हातांत डबा असावा.

वर सांगितलेल्या त्या खेड्यांत गेल्या मार्च महिन्यांत एक म्हातारी प्रभूजवळ गेली. आम्ही पोहोंचलों तेव्हां ओसरीवर भाताचें मोठें पातेलें व वरणाची बादली झांकून ठेवलेली होती. कोणाकडून आलें म्हणून विचारलें. पहिलें पातेलें त्याच विधवेच्या घरून आलें होतें. तिचें कर्ज फिटावयास, तिच्या मुलानें सांगितलें, सहा वर्षें लागलीं. ती स्वतः आंत होती, म्हातारीच्या सुनेचा हात धरून बसली होती, आणि तिला उठूं देत नव्हती.