बंद पडल्यावर आठवणारं काम

अहिल्यानगर

चि. भाचीस,

ताईकडून सगळं कळलं. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश झाला, वर्गातल्या पोरापोरींना ॲप बनवायचीत आणि तुला मात्र सर्व्हर सांभाळायचेत. भाऊजींचं म्हणणं, आता सगळं क्लाउडवर गेलं, मग सिस्टिम ॲडमिनला विचारतो कोण? त्यांना सांग, क्लाउड म्हणजेसुद्धा कुणाच्या तरी इमारतीतली यंत्रंच. भाड्याने घेतली म्हणून कुणाला कुठवर आत सोडायचं, जुना डेटा कुठे ठेवायचा आणि या महिन्याचं बिल एवढं का फुगलं, हे पाहणारं माणूस काही सुटत नाही.

मी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात काढली, तेव्हा मला हे काम उसाच्या वजनकाट्यावरून कळतं. भरली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची. मधला फरक तो ऊस. शेतकऱ्याचं बिल, वाहतूकदाराचं भाडं, तोडणी टोळीची मजुरी, सगळं त्या एका आकड्यावर. गाळप हंगामात रात्री दोन वाजता काट्याचं कॉम्प्युटर अडलं की ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर जाते, गव्हाण रिकामी फिरते आणि उभ्या गाडीतला ऊस वाळत राहतो. त्या वेळी तुला कोणती प्रोग्रॅमिंग भाषा येते हे कुणी विचारत नाही. ‘काटा कधी चालू होणार?’ एवढंच विचारतात. आणि काटा हंगामभर बिनबोभाट चालला, तर तुझं नावही कुणाला ठाऊक नसतं. हे चालणार असेल तरच या वाटेला लाग.

कॉलेजात बॅकअपवर एखादा तास होईल, त्यावर दोन मार्कांचा प्रश्न येईल, आणि विषय संपेल. माझ्या मते खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा म्हणून मुख्य सर्व्हरवरचा पुसला. सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. वेळेला एकही धड उपयोगी पडली नाही. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने कधीपासून फसत होता, आणि फसल्याची सूचना देणारे ईमेल मेल सर्व्हरच नाकारत होता! कुणीतरी योगायोगाने सहा तासांपूर्वी काढून ठेवलेल्या एका प्रतीवर कंपनी तरली. हे सारं त्यांनी लपवलं नाही, सविस्तर लिहून जाहीर केलं. पाठ्यपुस्तकाआधी ते वाच.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची, पुण्याच्या कॉसमॉस बँकेची. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. एटीएमवर पैसे मागितले की बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारून मगच होकार येतो. चोरांनी मधे आपलाच बनावट स्विच बसवला आणि तो कुणाला न विचारता होकार देत सुटला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी हाँगकाँगला आणखी रक्कम वळती झाली, एकूण सुमारे ९४ कोटी. सुट्टीचं कॅलेंडर आपल्याइतकंच चोरही वाचतात. सुट्टीच्या दिवशी लॉग कोण पाहतं, हे नोकरीच्या मुलाखतीत तूच त्यांना विचार. उत्तरावरून जागा कशी आहे ते कळेल.

आता लगेच करण्याजोगं. कुणाचं तरी अडगळीतलं कॉम्प्युटर माग, त्यावर लिनक्स टाक. मैत्रिणींच्या नोट्स ठेवायला त्याचाच सर्व्हर कर. चार माणसं विसंबली की आपोआप जबाबदारी येते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर उतरवून, फायली उघडून बघ. ‘झाला असेल’ म्हणू नकोस. आपल्याकडची वीज गेली तर वैतागू नकोस, यूपीएसवर किती मिनिटं निघतात आणि तेवढ्यात यंत्र आपणहून नीट बंद होतं का, ते मोजून ठेव. पुण्या-मुंबईच्या पोरांना हा सराव फुकट मिळत नाही. आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह वहीत उतरव. वही म्हणतोय मी, कारण सर्व्हर बसला की त्यातल्या नोट्सही बसतात.

पदवीनंतरचं आताच ठरवायची घाई नको. पुण्याच्या सी-डॅकचा या विषयातला डिटिस नावाचा पदविका अभ्यासक्रम आहे, साधारण सहा महिन्यांचा. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या पत्रकात नीट वाचून घे. पण कुठल्याही खासगी क्लासने ‘नोकरीची हमी’ म्हणून आगाऊ फी मागितली, तर पैसे भरण्याआधी मला फोन कर. माझ्याकडे एक जुनी १ टीबीची डिस्क पडून आहे, ताई पुढच्या आठवड्यात येईल तेव्हा तिच्याबरोबर पाठवतो.

तुझा
मामा