उतारा मंडळाचा, नुकसान धुऱ्याच्या आतले

सोयाबीनचा हंगाम आटोपला की वऱ्हाडातल्या शेलूबाजारच्या चौकात पीकविम्याचा विषय निघतोच, आणि निघाला की एक शब्द हमखास कानावर येतो: ‘शास्त्रीय’. रस्त्याच्या अलीकडच्या गावात भरपाई जमा होते, पलीकडच्या गावात होत नाही, कारण मधून महसूल मंडळाची हद्द जाते. एकाच मंडळात एकाच्या शेंगांना सततच्या पावसाने जागच्या जागी कोंब फुटतात, दुसऱ्याची सुडी ताडपत्रीखाली कोरडी राहते, आणि दोघांनाही एकच आकडा ऐकवला जातो. कुणी विचारायला गेलेच, तर उत्तर ठरलेले असते. उत्पादन शास्त्रीय पद्धतीने निश्चित झाले आहे, आता त्यात काही करता येत नाही.

हा शब्द एका दमात दोन कामे करतो. आकडा बरोबर आहे, असे तो सांगतो. आणि तुमचा प्रश्न अडाणी आहे, असेही सुचवतो. पहिले पुष्कळदा खरे असते. दुसरे साफ खोटे आहे, आणि ते खोटे कधी शिरले हे शोधायला निघाले की वाट दिल्लीकडे कमी आणि पुणे-साताऱ्याकडे जास्त वळते.

सुरुवातीचा भाग सर्वांना पाठ आहे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, त्यातले पदरात किती पडले ते नजरेने ठरवायचे आणि त्यावर शेतसारा वसूल करायचा, तहकूब करायचा की माफ करायचा हे ठरवायचे. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्याच धर्तीची रयतवारी बसली आणि आण्यांचा हिशेबही सोबत आला. ‘नजर’ कुणाची, हा प्रश्न तेव्हापासूनचा. १९१८ चा खेडा सत्याग्रह इतिहासाच्या पुस्तकात नैतिक बळाचा धडा म्हणून येतो. प्रत्यक्षात तंटा आकड्याचा होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर वसुली थांबवावी, असा नियमच होता. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर आहे. गांधीजी आणि वल्लभभाई म्हणत होते, खाली आहे. नाणी दशमान झाल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, ही वऱ्हाडातल्या खेड्यांची वार्षिक धाकधूक अजून चालू आहे. अमरावती विभागात खरिपाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला लागते. तोवर सोयाबीन विकून त्याचे पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेलेले असतात.

नजरेवरचा विश्वास उडाला तो सारा भरणाऱ्यांच्या तक्रारीमुळे नव्हे. सरकारलाच एकूण धान्य किती हे कळेना, म्हणून. १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात जॉन हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने भाताच्या शेतांतून दैवगतीने छोटे तुकडे निवडून कापायला सुरुवात केली. बंगालात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी तागावर तेच मोठ्या प्रमाणावर केले. मग दुसरे महायुद्ध आले, १९४३ चा बंगालचा दुष्काळ आला, शिधावाटप आले, आणि दिल्लीतल्या कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे व त्यांच्या जोडीला विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगाला आज आपण ओळखतो ते रूप दिले. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पानसे इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत कापसावर काम केलेले. पानसे आणि त्यांचे सहकारी कळमकर यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडात कापसाच्या उताऱ्याची मोठी नमुना-पाहणी केली आणि तिच्याबद्दल ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले. म्हणजे ज्या पद्धतीला आज शेलूबाजारात शिव्या बसतात, तिच्या जडणघडणीत वऱ्हाडच्या काळ्या रानाचाही हात आहे.

महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात या काळात झालेले भांडण मोठे चवीचे आहे. मुद्दा होता तुकडा किती मोठा असावा, एवढाच. महालनोबिसांना छोटे तुकडे, पण पुष्कळ, हवे होते. सुखात्मे म्हणत, तुकडा छोटा असेल तर त्याची कड आतल्या क्षेत्राच्या मानाने फार लांब होते; दोरीवर आलेले झाड कापणारा माणूस हटकून आत धरतो, आणि उतारा फुगतो. दोरीवरच्या झाडावरून दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे वाद घालावा, हे हास्यास्पद वाटेल. पण ज्याने कधी दोरी धरून सोयाबीन सोंगले आहे, त्याला ते लगेच पटेल.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. अमुक प्रांतात, अमुक जिल्ह्यात किती पिकले, या प्रश्नाला हे उत्तर चोख होते. एखाद्याच्या शेतात किती पिकले, हे या मंडळींनी विचारलेच नव्हते. तुकडा कुणाच्या गटात पडला याला तर महत्त्वच नव्हते, कारण तो कुणाच्याही गटात पडू शकत होता, त्यातच त्याची सारी ताकद होती.

खरा वळसा पुढचा, आणि तोच सर्रास चुकीचा वाचला जातो.

पीकविम्याचा पहिला प्रयत्न याच्या उलट होता. १९७२ च्या सुमारास गुजरातेत एच-४ या संकरित कापसावर व्यक्तिगत विमा सुरू झाला. नंतर महाराष्ट्रासह काही राज्यांत तो पसरला. शेत तुझे, नुकसान तुझे, भरपाई तुला. १९७८-७९ पर्यंत त्यात एकूण ३,११० शेतकरी आले. हप्ता जमला ४ लाख ५४ हजार रुपये, दावे द्यावे लागले ३७ लाख ८८ हजारांचे. प्रत्येक वावरात जाऊन पाहणी करायची, शेतकऱ्याने खत घातले होते की नाही हे तपासायचे, आणि ज्यांना पीक बुडण्याची खात्री आहे तेच विमा काढायला पुढे येणार, अशी ही तिहेरी अडचण होती.

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर, तेही साताऱ्याचेच, यांनी १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त यावर तोड मांडली. शेत मोजूच नका, म्हणाले. एकजिनसी क्षेत्र घ्या, म्हणजे असा टापू की जिथे एकाचे पीक बसले की बहुतेकांचे बसते. कापणी प्रयोगांतून त्या टापूचा सरासरी उतारा काढा. तो नेहमीपेक्षा घसरला, तर टापूतल्या सगळ्यांना सारख्या दराने भरपाई द्या. नाही घसरला, तर कुणालाच नाही. १९७९ मध्ये सर्वसाधारण विमा महामंडळाने याच पायावर प्रायोगिक योजना आणली, १९८५ मध्ये ती देशव्यापी झाली, १९९९ मध्ये नाव बदलले, २०१६ मध्ये पुन्हा बदलले. सांगाडा दांडेकरांचाच राहिला. (म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींनी १९२० मध्येच टापूच्या पावसावर विमा बेतण्याची कल्पना पुस्तकरूपाने मांडली होती. तिला कुणी विचारले नाही, आणि आता फळबागांच्या हवामान विम्यात ती नव्या कपड्यांत फिरते.)

शेतकरी चळवळीतले बरेच जण हा प्रवास असा सांगतात: आधी नजर होती, मग विज्ञान आले, पण विज्ञान अपुरे पडले, कारण नमुने थोडे. हिशेब दिसायलाही भेदक आहे. सोयाबीनचा कापणी तुकडा १० मीटर बाय ५ मीटर. मंडळात असे दहा घेतले तर सारे मिळून पाच गुंठेसुद्धा भरत नाहीत, आणि या पाच गुंठ्यांवर हजारो हेक्टरांचा निकाल लागतो. मोर्चात हे वाक्य चालते. पण नेम चुकतो. एक चमचा वरण चाखून पातेल्यात मीठ किती हे कळतेच. दहाचे शंभर तुकडे केले तर मंडळाची सरासरी अधिक नेमकी होईल. ज्याचे पीक बुडाले त्याच्या पदरात तरीही काही पडणार नाही.

सरकारी बाजू हाच प्रवास दुसऱ्या टोकाने चुकवते. व्यक्तिगत पाहणी अशास्त्रीय होती, क्षेत्राची सरासरी शास्त्रीय, म्हणून ती आली, असे तिचे म्हणणे. दांडेकरांची मांडणी मोजमाप सुधारण्याची नव्हती. तो एक सौदा होता. तुझे नुकसान आम्ही मोजणार नाही, त्याबदल्यात तुझ्यावर संशयही घेणार नाही, तपासायला येणार नाही, आणि विमा स्वस्त राहील. मेहनत घेतलेल्याला स्वतःच्या ज्यादा पिकासह भरपाईही मिळेल. एका शेताचे जे वेगळेच काही झाले, ते या सौद्याबाहेर आहे, हे त्यात उघड होते. आणि सौद्याला एक अट होती: क्षेत्र एकजिनसी हवे.

ती अट वाटेतच गळाली. महाराष्ट्रात विम्याचे एकक महसूल मंडळ ठरले. मंडळ हे तलाठ्यांच्या कामाच्या सोयीने आखलेले असते. जमिनीच्या पोताशी किंवा पावसाच्या वाटेशी त्याचे नाते नाही. मंगरूळपीर तालुक्यात टेकडीच्या उतारावरची बरड, मुरमाड जमीन आणि नाल्याकाठची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन एका हाकेच्या अंतरावर आहे. पावसाने ताण दिला तर बरडावरचे पीक करपते, काळ्या रानातले तग धरते. पाऊस धो-धो पडला तर बरडावरचे वाचते आणि काळ्यातले सडते. म्हणजे एकाचे वाईट वर्ष तेच दुसऱ्याचे चांगले, आणि सरासरी मात्र दरवर्षी सभ्य माणसासारखी मधोमध उभी.

समजा, एखाद्या मंडळात मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १६ क्विंटल आहे. तिच्या ७० टक्के, म्हणजे ११.२ क्विंटल, हे उंबरठा उत्पादन. यंदाची सरासरी साडेअकरा निघाली, तर ज्याला हेक्टरी दोन क्विंटलांची झडती लागली त्यालाही शून्य. ती ८.४ निघाली, तर तूट उंबरठ्याच्या २५ टक्के, म्हणून प्रत्येकाला विमा रकमेच्या २५ टक्के, ज्याने अठरा क्विंटल घरी नेले त्यालासुद्धा. गणितात चूक कुठेच नाही. चौकातला रागही चुकीचा नाही, फक्त त्याला भलत्या प्रश्नाचे उत्तर दिले जाते.

या कथेत एक नाट्यमय उपकथानक आहे, ज्याकडे फारसे कुणी पाहत नाही. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’त माणशी रोज २,२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्यरेषा काढली. रोमच्या अन्न व कृषी संघटनेतून परत येऊन पुण्यात स्थिरावलेल्या सुखात्म्यांनी त्या पद्धतीवर हल्ला चढवला: सरासरी गरज ही समूहाची असते, माणसामाणसांत फरक असतो, एकाच माणसात दिवसादिवसाला फरक पडतो, सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी, असे म्हणताच येत नाही. दांडेकरांनी तितक्याच तिखटपणे उत्तर दिले. त्या वादात कोण जिंकले हे इथे बाजूला ठेवू. पण ताटातल्या सरासरीची रेघ व्यक्तीवर ओढू नका म्हणणाऱ्या सुखात्म्यांची कापणी पद्धत दांडेकरांच्या विम्याचा कणा झाली, आणि पुढे त्या विम्याच्या नावाने शेतातल्या सरासरीची रेघ व्यक्तीवर ओढली गेली. त्यातही दांडेकरांना खलनायक करणे विदर्भाला शोभणार नाही. १९८३ मध्ये नेमलेल्या त्यांच्याच समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून प्रादेशिक अनुशेष मोजला, आणि त्या सरासरीचा आधार घेऊन विदर्भ चार दशके भांडत आला आहे. जिल्ह्याचे मागासपण मोजायला सरासरी उत्तमच असते.

२०१६ च्या योजनेला ही उणीव ठाऊक होती. म्हणून गारपीट, पाणी साचणे, काढणीनंतरचा पाऊस अशा स्थानिक आपत्तींसाठी ७२ तासांत कळवले की व्यक्तिगत पाहणी, अशी ठिगळे तिला जोडली होती. कंपन्यांना ती ठिगळे महाग पडली. २०२३ मध्ये महाराष्ट्रात एक रुपयात विमा आला, अर्जांचा पूर आला, दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनींवर काढलेले बोगस विमे सापडले. मग २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि ही ठिगळेही उसवून टाकली. त्या हंगामापासून भरपाई केवळ मंडळाच्या सरासरी उताऱ्यावर. बोगस अर्ज खरे होते, हे मान्य करायलाच हवे. पण चोर सापडला म्हणून दार काढून भिंत बांधली गेली, आणि या निर्णयाच्या समर्थनातही शब्द तोच: शास्त्रीय.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाडा आणि विदर्भात पावसाने धुमाकूळ घातला. विमा सरासरीची वाट पाहत बसला आणि मदत आली ती जुन्या रस्त्याने: चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला का, मग पंचनामा, मग आपत्ती निधीच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपयांचा आधार. म्हणजे तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक आणि त्यांची नजर. हाकलून दिलेली आणेवारीची आजी मागच्या दाराने घरात आली आणि कामाला लागली. तिच्यात वशिला आहे, ओळखपाळख आहे, सह्या घेऊन नंतर भरलेले कोरे कागद आहेत. पण धुऱ्याच्या आत पाऊल टाकते ती तीच.

आता उपग्रहाचे कौतुक चालू आहे. २०२३ पासून सोयाबीन, कापूस, भात यांच्या उताऱ्यात ३० टक्के भार दूरसंवेदनाला दिला गेला. गंमत म्हणजे उपग्रहाला एकेक वावर वेगळे दिसू शकते. पाणी साचलेला गट आणि शेजारचा हिरवा गट त्याच्या चित्रात वेगळ्या रंगाचे असतात. हबॅकपासून दांडेकरांपर्यंत ज्यांना शेतागणिक मोजणे परवडत नव्हते, त्यांच्या हाती हे असते तर त्यांनी काय केले असते, याचा विचार मोहक आहे. आपण काय करतो? ते सारे रंग गोळा करून, पुन्हा मंडळाची एक सरासरी काढतो.

ऑक्टोबरात एखाद्या शिवारात कापणी प्रयोग पाहायला मिळतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून दैवगतीने निघालेल्या अंकांनी पावले मोजली जातात, खुंट्या ठोकल्या जातात, दहा बाय पाचची दोरी ताणली जाते. विमा कंपनीचा माणूस मोबाइलवर फोटो काढतो. दोरीवर आलेले झाड आत धरायचे की बाहेर, यावर थोडी हुज्जत होते, सुखात्म्यांना आवडली असती अशी. धुऱ्यापलीकडे पाणी साचून काळे पडलेले रान असते. त्याचा मालक धुऱ्यावर उभा राहून बघतो आणि विचारतो, “माह्या वावरात कधी येता?” वजनकाट्यावर शेंगांचा ढीग चढवला जात असतो, आकडा वहीत उतरतो, सही होते, आणि मंडळी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या गट नंबरकडे निघतात.