पोकळ चेंडूची भरीव सावली

1918 साली ओटो टोप्लिट्झ या जर्मन गणितज्ञाने मॅट्रिक्सला एक आकृती जोडून दिली. संमिश्र संख्यांची चौरस मॅट्रिक्स A घ्यायची, लांबी 1 असलेला सदिश x घ्यायचा आणि x*Ax (x* म्हणजे x आडवा मांडून त्याच्या घटकांची संयुग्मे घेतलेला) ही एकच संख्या काढायची. असे शक्य तेवढे सगळे x घेतले की संमिश्र प्रतलावर जो बिंदूंचा संच उमटतो, तो त्या मॅट्रिक्सचा न्यूमरिकल रेंज.

आयगेनव्हॅल्यू हाताशी असताना हा नवा खटाटोप कशाला? दोन बाय दोनची एक मॅट्रिक्स पाहा: वरच्या उजव्या कोपऱ्यात 1, बाकी तिन्ही जागी शून्य. तिची आयगेनव्हॅल्यू शून्य, दुसरी नाहीच. नुसत्या आयगेनव्हॅल्यूंवर विसंबलो तर ही आणि शून्य मॅट्रिक्स यांत फरक करता येणार नाही. न्यूमरिकल रेंज काढला तर मात्र 1/2 त्रिज्येची भरीव तबकडी मिळते. आयगेनव्हॅल्यू या संचात असतातच, पण त्यांच्याभोवती आणखी किती पसारा आहे हेही तो सांगतो.

या संचाची बाहेरची कड बहिर्वक्र असते, तिला कुठेही खाच पडत नाही, हे टोप्लिट्झनी सिद्ध केले. आत भोक असू शकते का, हा प्रश्न तसाच राहिला. पुढच्याच वर्षी फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी एका छोट्याशा लेखात तोही मिटवला: भोक नसते, सगळा संच भरीव आणि बहिर्वक्र असतो. (हेच हाउसडॉर्फ पॉल मोंग्रे या टोपणनावाने तत्त्वचिंतन आणि नाटकही लिहीत.) पुढे दोघे बॉन विद्यापीठात सहकारी झाले. दोघेही ज्यू. टोप्लिट्झ 1939 मध्ये जेरुसलेमला गेले आणि वर्षभरात वारले. छावणीत नेले जाणार हे कळल्यावर हाउसडॉर्फ यांनी जानेवारी 1942 मध्ये पत्नी आणि मेहुणीसह आत्महत्या केली.

प्रमेय सिद्ध झाले खरे, पण त्याचे कारण कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले, असे माझे मत आहे. नव्या सिद्धता येत राहिल्या, आणि बहुतेकांत आकडेमोडच. दोन बिंदू घ्या, सदिशाचा कोन असा निवडा की नको ते पद उडून जाईल, उरलेले जुळवा. प्रत्येक ओळ पटते, तरी शेवटी हाती काही लागल्यासारखे वाटत नाही. पॉल हाल्मोस यांनी 1967 च्या आपल्या प्रश्नसंग्रहात ही खंत उघडच मांडली: सगळ्या सिद्धता हिशेबी आहेत, संकल्पनेवर उभी असलेली एखादी हवी, मग त्या संकल्पना जरा अवघड असल्या तरी चालतील.

चँडलर डेव्हिस यांचा 1971 चा लेख त्यावरचे उत्तर म्हणून वाचता येतो. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरे द्यायला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगून हे गृहस्थ टोरांटोला गेले होते. त्यांचे म्हणणे असे: सदिश x ला एकक मापाच्या कोणत्याही संमिश्र संख्येने गुणले तरी x*Ax बदलत नाही. दोन मिती असतील आणि असे सगळे सदिश एकच मानले, तर उरतो तो आपल्या नेहमीच्या त्रिमितीतल्या गोलाचा पृष्ठभाग, आणि x*Ax ही त्या पृष्ठभागाची प्रतलावर पडलेली सावली, फार तर तिरपी, ताणलेली. चेंडू आतून पोकळ असला तरी त्याची सावली भरीवच पडते. म्हणून दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सला भरीव लंबवर्तुळच मिळते, कधी ते चेपून रेषाखंड किंवा बिंदू होते, एवढेच. आयगेनव्हॅल्यू बसतात त्याच्या नाभींवर. मॅट्रिक्स मोठी असली, तर संचातले दोन बिंदू ज्या दोन सदिशांमुळे आले त्यांच्यापुरती दुमिती जागा पाहायची; तिथले लंबवर्तुळ त्या दोन बिंदूंमधला रेषाखंड पोटात घेऊनच येते. प्रमेय संपले!

या समजुतीचा खरा कस प्रमेय जिथे फसते तिथे लागतो. सदिश फक्त वास्तव घेतले तर दुमितीत गोलाऐवजी नुसते कडे उरते, आणि कड्याची सावली पोकळ पडू शकते. तिथे बहिर्वक्रता खरोखरच मोडते. तीन किंवा अधिक मिती असतील तर ती वास्तव सदिशांनाही लाभते, हे लुई ब्रिकमन यांनी 1961 मध्येच दाखवले होते.

याच न्यूमरिकल रेंजबद्दल गणितज्ञ मिशेल क्रूझे यांनी 2004 मध्ये एक अंदाज मांडला. बहुपदीत मॅट्रिक्स घातली तर उत्तराचे मान (नॉर्म), मॅट्रिक्सच्या न्यूमरिकल रेंजवर त्या बहुपदीचे जे कमाल माप असते त्याच्या किती पट होऊ शकेल? अंदाज आहे 2. क्रूझेंनी 2007 मध्ये 11.08 हे कमाल प्रमाण सिद्ध केले. 2017 मध्ये सेझार पालेन्सिया यांच्यासह ते 1 + √2 वर आणले, तेही थोड्याच पानांत. 2 च्या खाली जाता येणार नाही, हे मात्र अगदी सोपे आहे: एकुलत्या 1 ची ती मॅट्रिक्स घ्या आणि बहुपदी z. मान 1, तबकडीची त्रिज्या 1/2.