भोग आणि टेफ्लॉन

दात घासताना ब्रश डाव्या हिरडीला लागला की गालापासून कपाळापर्यंत वीज जाते. दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनबारीत एक मावशी म्हणाल्या, "भोग हाय बापा, भोगल्याबिगर सरत नाई." दुखण्यावर घेतलेल्या इंजेक्शनाचा गुण तोवर ओसरला होता. एमआरआयवर मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिनी मज्जातंतूला चिकटलेली दिसली. शस्त्रक्रियेत दोघांमध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात.

प्रारब्ध मी नाकारत नाही. पण दुखणं प्रारब्धात असेल, तर नागपूरचा सर्जन का नसावा? अकोलीच्या कोरड्या विहिरीची कथा वऱ्हाडात घरोघर सांगतात. त्या कथेत तहान गजानन महाराजांनाही लागली. भोग म्हणून ते गप्प बसले नाहीत, त्यांनी पाणी मागितलं. मग उपाय मागणं म्हणजे श्रद्धेत खोट कशी? शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करणार आहे.