नाक्याजवळच्या घरात तंबोरा

बसा. अजून काही लावायचं नाही. अ‍ॅम्प्लिफायर बंद असू दे, मोबाइल आतल्या खोलीत ठेवा. पंखाही बंद करा. वडखळच्या दमट हवेत हे जिवावर येतं, पण थोड्या वेळापुरतंच आहे. पाठ टेकवा. हात मांडीवर सैल सोडा.

नवे स्पीकर घ्यायचं तुमच्या मनात आहे. साधेसुधे नाहीत, ज्यांच्या किमतीत एखादी मोटारसायकल आरामात येईल असे. पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला पडताहेत, घरच्यांचीही एव्हाना संमती मिळाली असेल. ही ओढ मला मनापासून मोलाची वाटते. तिला नुसती हौस म्हणून बाजूला सारू नका. पण आज तिच्याकडे जरा सावकाश बघू या. असं काय ऐकायचं राहून जातंय, की ज्यासाठी नवे स्पीकर हवेत?

उत्तराची घाई नको. आधी खोली ऐका.

पहिला येतो तो रस्ता. वडखळ नाक्यावर गोव्याच्या महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो, आणि त्याच फाट्याने डोलवीच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहनं येत-जात असतात. आता एक ट्रेलर येतोय. त्याचा आवाज सुटा सुटा करून ऐका. आधी जमिनीतून येणारी घरघर. ती कानाच्या आधी खिडकीच्या काचेला कळते. मग इंजिन. मग गतिरोधकावर साखळदंडाची खणखण. शेवटी एअर ब्रेकचा फुस्कारा. तो गेला. पुढचा येईपर्यंत मधे काय उरतं तेही ऐका: फ्रिजची गुणगुण, शेजारचा टीव्ही, पावसाळा असेल तर खारेपाटातल्या शेतांमधून बेडकांचा गलका, कधी पेणहून थळकडे निघालेली मालगाडी. यातल्या कशाला नावं ठेवायची नाहीत. कोणता आवाज कुठून येतो आणि किती वेळ रेंगाळतो, एवढंच बघा.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा घालतात. महामार्गालगतच्या घरात ही मर्यादा रोज ओलांडली जाते, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. आता ख्यालातला आलाप आठवा. किशोरीताई आमोणकरांनी एखादा स्वर अगदी हलकेच, जेमतेम ओठांबाहेर येईल इतकाच लावलाय. घरात आपण ज्या बेताने गाणं लावतो त्या बेतात तो स्वर 40-45 डेसिबलच्या वर जात नाही. म्हणजे ट्रेलर जात असताना तो स्वर त्याच्या आवाजाखाली दबतो. स्वर हरवला, हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण मागचा-पुढचा धागा पकडून कान ती जागा अंदाजाने भरून काढतो.

या अंदाजाने भरून काढण्यापाशी थोडं थांबू या. मला सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटतं.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी गाणं कशावर ऐकलं? मर्फीच्या रेडिओवर, नंतर ट्रान्झिस्टरवर. ट्रान्झिस्टरमध्ये तळहाताएवढा एकच कागदी स्पीकर, आणि त्यातून दीडशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नसे. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ, आणि तंबोऱ्याच्या चौथ्या तारेचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 69 हर्ट्झ. हा खर्ज त्या स्पीकरमधून निघणं शक्यच नव्हतं. तरी आजोबांनी तो ऐकला. कसा? एका तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे स्वरही निघत असतात. ते वरचे स्वर कानावर आले की मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून न आलेला खालचा स्वर स्वतःच उभा करतो. ध्वनिशास्त्राला हे चांगलं ठाऊक आहे. आजोबांनी ऐकलेला खर्ज त्या पेटीत नव्हता, तो त्यांनी घडवला होता.

म्हणजे ऐकणं हे काम आहे. शांत, न दिसणारं, पण काम. स्पीकर लहान असेल तर खालचे स्वर घडवायचे, रस्ता वाहता असेल तर गिळलेले स्वर घडवायचे, खोली घुमत असेल तर एकमेकांत मिसळलेले स्वर वेगळे करायचे. तासाभराने गाणं बंद करावंसं वाटतं ते कित्येकदा गाण्याच्या कंटाळ्याने नव्हे. या कामाचा शीण आलेला असतो.

आता तुमचा प्रश्न पुन्हा हातात घ्या. राहून काय जातंय? कान कशासाठी राबतोय?

उठा, आणि तंबोरा लावा. नुसता तंबोरा; गाणं नको. आहेत त्याच जुन्या स्पीकरवर. आवाज खरा तंबोरा समोर बसून छेडला तर जेवढा येईल तेवढाच ठेवा. तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. मग जागेवर येऊन बसा.

पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. एकेका तारेमागे जा. तार छेडल्याचा क्षण ऐकू येतो का, की स्वर एकदम फुगूनच येतो? छेडल्यानंतर तारेच्या पोटातून एकेक वरचा स्वर उमलत जातो. तो प्रवास दिसतो का? ही जवारी. मिरजेतले कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानस लावून, पुन्हा तपासून, पुन्हा घासून जवारी काढतात, आणि वाजवणारा तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत राहतो. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की तंबोरा मुका होतो, नेमक्या जागी आला की बोलू लागतो. सी. व्ही. रमण यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणेच्या या रुंद, वळणदार घोडीचा अभ्यास मांडला. तारेच्या ज्या बिंदूवर छेडलं त्या बिंदूमुळे जे स्वर निघायला नकोत असं पाश्चात्त्य नियम सांगत होता, ते स्वर तंबोऱ्यात स्पष्ट निघतात, हे त्यांनी दाखवलं. स्पीकरची परीक्षा घ्यायला याहून कठीण वाद्य मला माहीत नाही. ढोल कुठल्याही स्पीकरवर बरा वाजतो.

ऐकताय ना? घाई नाही. दोन आवर्तनं जाऊ द्या.

आता तंबोरा बंद करा आणि उभे राहून एक टाळी वाजवा. कोरडी, मोठी टाळी. मागोमाग भिंतींमधून झिणझिण आली? स्लॅबचं घर, खाली लादी, उघड्या भिंती, समोर काचेचं शोकेस. कोकणातल्या बहुतेक नव्या घरांत ती येते. पूर्वीच्या कौलारू घरांत, चिऱ्याच्या ओबडधोबड भिंतींत आणि वासे-रिपांच्या छपराखाली ती इतकी येत नसे. खोली बारा बाय बाराची असेल तर आणखी एक गोष्ट घडते. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमतो. लांबी आणि रुंदी सारखीच, म्हणून दोन्ही बाजूंनी तोच स्वर घुमतो. त्यात स्पीकर कोपऱ्यात, शोकेसवर. दोन भिंती त्याला मागून रेटा देतात, आणि खालचा आवाज फुगून बाकी सगळ्यावर पसरतो. अशा खोलीत लाखाचे स्पीकर आणलेत, तर लाखाचा घुमारा मिळेल.

म्हणून आधी हे करून बघा. स्पीकर कोपऱ्यातून काढा आणि मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्या, वरचा लहान भोंगा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण होऊ द्या. मग तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात ज्या जागी तुम्हांला स्पीकरचं तोंड दिसेल, त्या जागेवर आदळून आवाज तुमच्याकडे येतोय. तिथे एक जाड गोधडी टांगा. समोर लादीवर सतरंजी टाका. आता पुन्हा तंबोरा. फरक कळायला जाणकार असावं लागत नाही.

खिडकीचंही बघा. रस्त्याचा आवाज 10 डेसिबलने कमी झाला, तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दहापट केल्याइतका लाभ होतो. तेवढ्याच फरकासाठी उलट बाजूने खरोखर दहापट वॅट लागतात. फटींना रबराची पट्टी, जाड काच, शक्य असेल तर ऐकायची खोली रस्त्याच्या उलट बाजूला. उन्हाळ्यात खिडकी लावून, पंखा बंद करून बसवत नाही, हे खरं. मग मोठी ऐकणी मार्गशीर्ष-पौषातल्या गार रात्रींसाठी ठेवावीत. गाण्याला ऋतू असतात, तसे ऐकण्यालाही असू देत.

एवढं सगळं करून झाल्यावरही स्पीकर हवेतच असं वाटेल का? वाटेल, आणि वाटावं. कारण खोली स्वच्छ झाली की जुन्या स्पीकरचं खरं रूप पहिल्यांदा समोर येतं. आज घरोघरी जो स्पीकर आहे त्याची घडण चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी 1925 साली मांडली: चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला शंकू, आणि शंकू पुढे-मागे हलला की हवा हलते. शंभर वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. वीज दिली त्यातला शंभरातला जेमतेम एक भाग आवाज होतो, बाकीची उष्णता. महागड्या स्पीकरमध्ये पैसे जातात ते शंकू हलका पण ताठ करण्यात, पेटी मुकी करण्यात, आणि एक थांबून दुसरा भोंगा सुरू होतो तो सांधा ऐकू येऊ नये म्हणून. हे काम मोठ्या जिद्दीचं आहे. आपल्या पुण्यात केडन्स या कंपनीने शंकूऐवजी अतिशय पातळ पडद्याचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले, तेही याच ध्यासातून.

मात्र तुमची गरज तुमच्या गाण्यावरून ठरू द्या. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग ऐकणाऱ्याला 69 हर्ट्झचा खर्ज नीट मिळाला की बहुतेक सारं मिळालं. 25-30 हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या प्रचंड पेट्यांचे पैसे वडखळमध्ये तरी मी देणार नाही. त्या तळाशी महामार्ग आधीच वस्तीला आहे. तो पैसा मधल्या पट्टीच्या सच्चेपणावर घालावा, जिथे माणसाचा गळा आहे. आणि खाडीची हवा विसरू नका. शंकूच्या कडेला फोमची कड असेल तर ती आपल्या दमटपणात काही वर्षांत भुगा होऊन गळते; रबराची कड कितीतरी जास्त टिकते. विकत घेण्याआधी तिथे हलकेच बोट लावून बघा.

कोणीतरी तुम्हांला भीमसेन जोशींची गोष्ट सांगेल. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या खरखरत्या तबकडीवर ऐकली, आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात ते घराबाहेर पडले. आणि विचारेल, मग तुला लाखाचे स्पीकर कशाला? हा युक्तिवाद मला पटत नाही. त्या तबकडीत जे नव्हतं ते सगळं त्या मुलाने स्वतःच्या कानाने घडवलं. तसा कान आणि तसं वय सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. कारखान्यात आठ तास यंत्रांच्या गदारोळात उभं राहून आलेल्या माणसाचे कान काही तास बधिर असतात. बारीक आवाज त्यांना खरोखरच कमी ऐकू येतात. त्याने आल्या आल्या गाणं लावू नये; जेवावं, झोपावं, पहाटे ऐकावं. आणि तेव्हा त्याच्या कानाला शक्य तितकं कमी राबावं लागावं, अशी इच्छा धरण्यात कसलाही उधळेपणा नाही.

दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ देवळात जा. भजनाला बसा, पखवाजाजवळ. डाव्या तोंडाला कणीक थापताना बघा, ती बसल्यावर थाप कशी खोल आणि गोल होते ते ऐका. झांज अंगावर येते तरी टोचत नाही, हेही ऐका. विजेशिवायचा हा आवाज कानात भरून घ्या. मोजायची पट्टी तीच.

मग मुंबईला किंवा पुण्याला जाल तेव्हा स्वतःची ध्वनिमुद्रणं घेऊन जा. दुकानदाराच्या ठेवणीतली चकचकीत गाणी ऐकू नका. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज अगदी सारखा ठेवायला लावा, कारण एखादा डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाच चांगला वाटतो. मग आवाज कमी करायला सांगा. आणखी कमी. गायक श्वासाला थांबतो तिथे मागे तंबोरा चालू आहे ना, चारही तारा वेगळ्या आहेत ना, ते बघा. अर्धा तास एकाच जागी बसा, बोलू नका. अर्ध्या तासाने कान ताजे असतील, तर किमतीचं बोला. आणि पैसे मोजण्याआधी विचारा: दोन दिवस घरी नेऊन ऐकायला द्याल का? माझं घर हायवेला आहे.